पाणीवाल्या राणीचं अर्धं पान

खोलीचं दार उघडलं आणि छीछीने पहिला श्वास घेतला. दुसरा घ्यायला ती तयार नव्हती.

"आत ये की," मावशी म्हणाली.

"आत काहीतरी मेलंय."

"काही मेलेलं नाही. ओल आहे ती."

"मग ओल मेलीये!"

छीछीचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. बाळ असताना ती 'आई' म्हणायच्या आधी 'छी' म्हणाली, असं मावशी सगळ्यांना सांगायची. मावशी इतिहासाची प्राध्यापक, त्यामुळे भूतकाळावरून तिच्याशी वाद घालायची घरात कोणाची टाप नव्हती. तेव्हापासून छीछी ती छीछीच. सोळा वर्षांची घोडी झाली तरी दुसऱ्याच्या ताटातलं खायची नाही, दुसऱ्याच्या टॉवेलकडे बघायची नाही, आणि बसचा दांडा धरायचा झाला तर दोन बोटांनी, उंदराची शेपटी धरल्यासारखा.

आणि अशा मुलीला मावशीने परीक्षा संपल्या संपल्या उचलून कुठे आणावं, तर इथे!

मावशीची एक पद्धत होती. सुट्टी लागली की जिथे कोणी जात नाही अशा गावी जायचं, सगळ्यात रडक्या बसने जायचं आणि सगळ्यात स्वस्त लॉजमध्ये उतरायचं. "मोठ्या हॉटेलात गावाचा वास येत नाही," ती म्हणायची. इतकी वर्षं हे वाक्य छीछीला फार भारी वाटत आलं होतं. आता गावाचा वास आला होता आणि त्यात फिनेल, कुबट गादी आणि कोणाचे तरी मोजे होते.

उशीवर तेलाचा डाग होता, कोणाच्या तरी डोक्याच्या मापाचा. छीछीने पेनाच्या टोकाने उशी उचलली. खाली कापलेलं नख होतं. अख्खं, चंद्रकोरीसारखं, पिवळं.

"मावशी. पायाच्या अंगठ्याचं आहे."

"वा! पुरावा वाचायला लागलीस की," मावशी म्हणाली आणि चादर झटकली. तिला कशाचंच काही वाटायचं नाही. मावशीचं नाक बहुतेक पीएचडी करताना गेलं असावं.

खाली लॉजचा मालक बनियनवर बसला होता. त्याला सर्दी झाली होती, आणि ती त्याला एकट्याला पुरत नव्हती. नाव लिहायचं रजिस्टर त्याने पुढे सरकवलं तेव्हा पानाच्या कोपऱ्यावर काहीतरी चकाकत होतं. छीछीने सही हवेतच केल्यासारखी केली.

"पाणी?" तिने विचारलं.

"नळाला संध्याकाळी येईल," मालक म्हणाला आणि नाक ओढलं. नाक ओढताना आवाज असा, की जणू कोणी चिखलातून बूट काढतंय.

तेवढ्यात मागच्या दारातून लॉजची सफाईवाली आली. पन्नाशीची, काटक, एका हातात खराटा. दुसऱ्या हातात तिने स्वतःच्या कळशीतून भरून आणलेला पाण्याचा पेला होता.

"घे गं पोरी. एवढ्या उन्हातून आलीस. माझं घरचं आहे, गार आहे."

छीछीने पेल्याकडे पाहिलं. मग पेला धरलेल्या बोटांकडे पाहिलं. मग खराट्याकडे. तिचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

"नको. मला तहान नाही."

"ओठ तर सुकलेत."

"नाही, खरंच नको."

दोन मिनिटांनी ती जिन्यात उभी राहून आपल्या बाटलीतून घटाघटा पाणी पीत होती. वर मान केली तर सफाईवाली कठड्याशी उभी. पेल्यातलं पाणी तिने स्वतः पिऊन टाकलं आणि निघून गेली.

संध्याकाळी दोघी टाकं बघायला गेल्या. ते टाकं म्हणजेच तर या प्रवासाचं कारण!

गावाच्या चौकात दगडी पायऱ्यांचं एक मोठं टाकं होतं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. दुष्काळात एका राणीने आपले दागिने मोडून ते बांधलं. हे जगाला माहीत कसं झालं, तर मावशीमुळे. जिल्ह्याच्या संग्रहालयात एक दगड धूळ खात पडला होता, त्यावरचा लेख मावशीने बारा वर्षांपूर्वी वाचला. शेवटची ओळ होती, 'हे पाणी सर्वांनी प्यावे'. त्यावर तिने पुस्तक लिहिलं, 'पाणीवाली राणी'. पुस्तक इतकं गाजलं की सातवीच्या वर्गात त्याचा धडा आला. दोन शाळांना राणीचं नाव पडलं. आणि आता नवी आवृत्ती निघत होती. तिची शेवटची प्रुफं मावशीच्या पिशवीत होती आणि सोमवारी ती तपासून छापखान्यात द्यायची होती. मावशीला फक्त टाक्याचा एक नवा फोटो हवा होता.

छीछीचं तर या राणीवर कर्जच होतं म्हणा ना. नाही, उलट! छीछीवर राणीचं. आठवीपर्यंत वर्गात बाईंनी उभं केलं की तिच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही, कानशिलं लाल व्हायची. मग नववीत वक्तृत्व स्पर्धेला विषय आला, पाणीवाली राणी. छीछीने मावशीचं पुस्तक पाठ केलं, मोठ्या कागदावर दगडाचं चित्र काढलं, आणि व्यासपीठावर हात असा वर नेऊन गरजली, "सर्वांनी प्यावे!" सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. चषक मिळाला. त्या दिवसापासून जे तोंड सुटलंय ते आजतागायत बंद नाही, अशी आईची तक्रार होती.

टाक्यात आता पाणी नव्हतं. पिशव्या होत्या, फुटकी बादली होती, एका पायाची चप्पल होती, हिरवी साय धरलेलं डबकं होतं आणि डबक्याच्या कडेला फुगलेलं असं काहीतरी होतं, की ते काय ते न बघितलेलंच बरं. एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून निवांत उभे होते. त्यांचं झाल्यावर ते हसून म्हणाले, "फोटो काढताय? काढा काढा."

"छी!" छीछी ओरडली. "राणीच्या टाक्यात! मावशी, तू बोल ना त्यांना काहीतरी!"

मावशीने फोटो काढला. त्या गृहस्थांना चुकवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ. दुपारची बस होती, म्हणजे अंघोळ चुकवता आली असती, पण रात्रभर त्या गादीवर झोपल्यावर छीछीला स्वतःच्या कातडीची शिसारी आली होती. लॉजच्या मागच्या अंगणात सगळ्यांसाठी मिळून एकच मोरी. एका कोपऱ्यात संडासाचं भांडं, दुसऱ्यात नळ, आणि मधे उभं राहायला एक मोठी काळी फरशी. फरशी बुळबुळीत होती. नळाखाली साबणाची चीप होती आणि साबणाला एक कुरळा केस चिकटला होता. छीछी चवड्यांवर उभी राहिली. शक्य असतं तर ती हवेत उभी राहिली असती.

आणि तेवढ्यात तिची नजर खाली गेली.

सकाळीच कोणीतरी फरशीचा एक कोपरा खसखसून घासला होता. तिथे दगडावर नक्षी दिसत होती. वेल होती. वेलीला पानं होती. आणि अगदी कडेला एक पान अर्धंच होतं.

छीछीने ती वेल ओळखली. तिने ती मोठ्या कागदावर काढली होती, खोडून खोडून बारा वेळा! संग्रहालयातल्या दगडावर हीच वेल होती आणि तळाच्या कडेला तिचं शेवटचं पान अर्धं होतं. मावशीने पुस्तकात त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता: दगडाची तळाची कड सरळ आणि गुळगुळीत आहे, म्हणजे दगड फुटलेला नाही, लेख पूर्ण आहे, आणि कारागिराने पान मुद्दामच अर्धं ठेवलं आहे, नम्रता म्हणून.

तिने अशी किंकाळी फोडली की अंगणात तीन माणसं धावत आली.

"झुरळ असेल," मालक नाक ओढत म्हणाला.

"कपडे घाल आधी," बाहेरून मावशी ओरडली.

"मावशी, पान! उरलेलं अर्धं पान!"

मावशी आत आली. खाली बसली. चष्मा पुसला. मग त्या बुळबुळीत दगडावर तिने उघडा तळहात टेकवला आणि कितीतरी वेळ तो उचललाच नाही.

"करवतीने कापलाय," ती शेवटी म्हणाली. एवढंच. छीछीला वाटलं, आनंदाने तिची वाचा बसली.

मालकाला विचारलं तर तो फुशारला. "माझ्या वडिलांनी बसवलाय तो. टाक्याजवळ पडला होता. मोरीच्या मापाला लांब होत होता, मग गवंड्याकडून कापून घेतला आणि वरचा तुकडा सरकारी माणसं घेऊन गेली. अक्षरांची बाजू मुद्दाम वर ठेवली बरं का, पाय घसरू नये म्हणून. अक्कल लागते याला."

आता ठसा घ्यायचा. ठसा म्हणजे दगडावरचा लेख कागदावर उतरवणं. ओला कागद दगडावर अंथरायचा, दाट केसांच्या ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, सुकू द्यायचा, आणि मग शाईच्या पुरचुंडीने वरून टिपत जायचं. दगड काळा उमटतो, अक्षरं पांढरी. मावशीच्या सामानात साबण विसरायचा एक वेळ, पण ठशाचा कागद कधी नाही. आणि तिचे दोन नियम होते. ज्याने ठसा घ्यायचा त्याने दगड स्वतः धुवायचा. आणि ठसा सुकला की कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचं: जागा, तारीख, कोणी घेतला, कोणी दाखवला. "तोवर ती नुसती रद्दी असते," मावशी सांगायची. "कोपरा लिहिला की तो कागद आपला राहत नाही. मग तो फाडायचा हक्क कोणालाच नाही, मलाही नाही."

"हा ठसा तुझा," मावशी म्हणाली. "तू शोधलास."

"म्हणजे धुवायचा पण मी?"

"नियम म्हणजे नियम."

आता पुढचा पाऊण तास कसा गेला ते छीछीलाच माहीत. हात कोपरापर्यंत बरबटले. खाचांतून काय काय निघालं! केस निघाले, शेवाळ निघालं, कोणाच्या तरी दातात अडकायला हवं होतं ते निघालं, आणि एक पिवळट थर निघाला ज्याबद्दल विचार करायचा नाही असं तिने ठरवलं आणि मग त्याच्याशिवाय दुसरा विचारच आला नाही. दोनदा उमासे आले. तिसऱ्यांदा नुसता उमासा नव्हता, सकाळचा पावही परत आला आणि तोही तिलाच धुवावा लागला. बाहेर लॉजमध्येच उतरलेला एक फिरता विक्रेता तोंडात ब्रश धरून दार बडवत होता, "अहो बाई, आत काय लग्न लागतंय का?"

सफाईवाली दार ढकलून उंबऱ्याशी उभी राहिली आणि गंमत बघू लागली.

"तोंडाने श्वास घे," ती म्हणाली. "नाकाला सुट्टी दे. आणि खाली बघू नकोस, ब्रशकडे बघ."

"तुम्ही... रोज... करता हे?"

"बावीस वर्षं. तो कोपरा आज सकाळीच घासला मी. चांगली वेल आहे म्हणून तो जरा जास्त घासते." ती आत डोकावली. "मी आले असते की मदतीला. पण तुझी मावशी नको म्हणाली. पहिली बाई बघितली, जी मला मोरी धुवायला नको म्हणते."

कागद अंथरला. ठोकला. सुकायला उन्हाची तिरीप बरोबर फरशीवर येत होती. मग छीछीने शाई टिपायला सुरुवात केली आणि एकेक पांढरं अक्षर वर येऊ लागलं, अगदी पाण्यातून कोणी डोकं वर काढावं तसं. उमासे कुठल्या कुठे पळाले. मावशी तिच्या खांद्यावरून वाचत होती. ओठ हलत होते. मग ओठ हलायचे थांबले.

"काय? काय लिहिलंय? मावशी, सांग ना!"

"गुंडाळ तो," मावशी म्हणाली. "बस चुकेल."

"बसला दीड तास आहे."

"गुंडाळ म्हटलं ना. आणि कोपऱ्यात काही लिहू नकोस. अजून."

छीछीने वर पाहिलं. कोपऱ्यात लिहू नकोस? मावशी? एकदा बसस्टँडवर पावसात भिजत उभं राहून तिने गुडघ्यावर कोपरा लिहिला होता. जुनी लिपी छीछीला मावशीनेच शिकवली होती, दर रविवारी, कान पिळून. ती ठशावर वाकली आणि बोट फिरवत अडखळत वाचू लागली.

'सर्व म्हणजे कोण ते ऐका. घाण उचलणारे व कातडी कमावणारे यांनी पायरीस पाय लावू नये. लावील त्याचा पाय तोडावा. पाहील आणि सांगणार नाही, त्याचाही तोडावा.'

तिने पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. तिला आपला हात आठवला, व्यासपीठावर वर गेलेला. सर्वांनी प्यावे! टाळ्या. चषक घरी टीव्हीवर ठेवला होता, आई त्याला रोज फडकं मारायची. 

"हा त्याच दगडाचा तुकडा कशावरून?" मावशी हळू आवाजात म्हणाली. वर्गात शिकवायची तोच आवाज, फक्त त्यातलं पाणी गेलेलं. "संग्रहालयात जाऊन मापं जुळवावी लागतील. जाडी बघावी लागेल. एका अंघोळीच्या फरशीवरून मी—"

छीछीने मावशीच्या पिशवीतून पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर ती वेल होती, अर्ध्या पानासकट. तिने पुस्तक ठशाशेजारी धरलं. दोन अर्ध्या पानांचं एक पान झालं.

"नम्रता म्हणून अर्धं ठेवलं होतं ना?" ती म्हणाली.

"तोंड सांभाळून बोल."

"आणि छापखान्यात काय देणारेस सोमवारी?"

"तुला काय वाटतं गं, मला आनंद झालाय?" मावशी एकदम भडकली. "टाकं बांधलं की नाही तिने? दुष्काळात माणसं जगली की नाही? दोन शाळा आहेत तिच्या नावाच्या. मुली शिकतात तिथे. उद्या हे छापलं तर लोक एवढंच लक्षात ठेवतील, बाकी सगळं गेलं मोरीत! त्यापेक्षा पुढच्या आवृत्तीत, नीट तपासून, शांतपणे—"

"पुढची आवृत्ती बारा वर्षांनी!"

दाराशी सफाईवाली तशीच उभी होती. दोघींचा आवाज चढला तेव्हा ती गेली नव्हती, फक्त खराट्यावर रेलली होती.

"झालं का वाचून?" तिने विचारलं. "काय लिहिलंय हो बाई? बावीस वर्षं विचारीन विचारीन म्हणते, पण इथे येतात त्यांना वाचता येत नाही. त्यांना नीट मुतता येत नाही, तर वाचतील काय."

मावशीने घसा साफ केला. "राणीचं नाव आहे. तिने पाणी दान केलं, असं लिहिलंय."

"बरं," सफाईवाली म्हणाली. "चांगलं आहे."

छीछीने मावशीकडे पाहिलं. उशीवरच्या डागाची, त्या नखाची, साबणावरच्या केसाची, सगळ्याची मिळून जेवढी घाण वाटली होती तेवढी तिला या एका वाक्याची वाटली. ज्या मावशीच्या मांडीवर बसून ती अक्षरं शिकली, ती मावशी त्या बाईच्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलली आणि वर चष्मा पुसत होती!

"ते नाही लिहिलेलं, काकू," छीछी म्हणाली. आवाज फुटेना. आठवीतल्यासारखी कानशिलं तापली. "म्हणजे, वरच्या तुकड्यावर तसं आहे. पण या तुकड्यावर... तुमच्याबद्दल लिहिलंय."

"माझ्याबद्दल?"

छीछीने वाचून दाखवलं. हात वर न नेता. अडखळत, पण शब्द न गाळता.

सफाईवाली फरशीकडे बघून म्हणाली, "दगडावर कोरायचं म्हणजे किती दिवस लागत असतील गं?"

"महिना तरी."

"महिनाभर बसून कोरलं? आम्ही पायरीवर पाय ठेवू नये म्हणून?" तिच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला, हसू की खाकरा ते कळलं नाही. "माझी सासू सांगायची, आमची माणसं त्या टाक्याला वळसा घालून ओढ्यावर जायची. का, ते तिलाही माहीत नव्हतं. मीही वळसाच घालते बघ अजून. सवय." तिने खराटा उचलला, फरशीवर आपटला आणि मावशीकडे वळली. "आणि तुम्ही हो? शिकलेल्या ना? मी काय रडले असते की काय? मला खरं सांगितलं असतं तर तुमचं काय जात होतं?"

मावशी पिशवी घेऊन अंगणात निघून गेली.

छीछीने पेन्सिल काढली. ठशाच्या कोपऱ्यावर लिहिलं: लॉजची मोरी. तारीख. ठसा घेणार, आणि पुढे स्वतःचं नाव, हजेरीतलं. मग तिने वर पाहिलं.

"काकू, दाखवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. वेल तुम्ही घासलीत म्हणून दिसली. तुमचं नाव?"

सफाईवालीने सांगितलं. आडनावासकट सांगितलं, आणि छीछीने लिहिलेलं बोट ठेवून बघितलंही. "हे मी? एवढंसं?"

"एवढंसंच असतं."

"मोठं काढ जरा."

छीछीने खोडलं आणि मोठं काढलं. मग ठसा गुंडाळला, उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपला घसा लाकडासारखा कोरडा पडलाय. कळशी दाराशीच होती, वर पेला उपडा घातलेला.

"काकू, थोडं पाणी द्याल?"

सफाईवालीने कळशीकडे पाहिलं, मग छीछीच्या बरबटलेल्या हातांकडे पाहिलं. अगदी आरामात, जशी छीछी काल तिच्या बोटांकडे पाहत होती तशी.

"काल दिलं होतं. तेव्हा तहान नव्हती तुला," ती म्हणाली. "नळाला आलंय आता. धर ओंजळ."

आणि ती फिनेल आणायला निघून गेली.

छीछी मोरीच्या नळाशी वाकली. नळाचं तोंड हिरवं होतं. तिने ओंजळ धरली आणि प्यायली. पाण्याला गंजाची चव होती आणि हातांना त्या दगडाचा वास. तिला भयंकर शिसारी आली, आणि तरी ती दुसरी ओंजळ प्यायली.

बसमध्ये मावशी खिडकीशी बसली. सीटचा रेक्झिन फाटला होता आणि आतल्या स्पंजाला आंबट वास होता. चार गावं मागे गेली. ठसा छीछीच्या मांडीवर होता आणि त्यावर तिचे दोन्ही हात.

"दे इकडे," मावशी शेवटी म्हणाली.

"कोपरा लिहून झालाय."

"बघितलं मी अंगणातून. दे."

छीछीने श्वास रोखून गुंडाळी दिली. मावशीने कोपरा उघडला, वाचला. छीछीचं नाव, त्याखाली सफाईवालीचं नाव, चांगलं ठळक. बराच वेळ ती तो कोपरा अंगठ्याखाली धरून बसली. मग पर्समधून पेन्सिल काढली आणि बसच्या धक्क्यांत वेडंवाकडं लिहिलं: 'आधीचं वाचन अपुरं. दगड कापलेला आहे हे मी ओळखलं नाही.' आणि पुढे स्वतःचं नाव.

मग तिने पिशवीतून प्रुफांचा गठ्ठा काढला आणि शेवटचं पान वर घेतलं. 'हे पाणी सर्वांनी प्यावे.' त्याच्या खाली अर्धं पान कोरंच होतं.

"मला चालत्या बसमध्ये बघून लिहिता येत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चिडका होता आणि डोळे लाल होते. "तू वाच. सावकाश."

"मोठ्याने?"

"मग काय मनात वाचणारेस?"

छीछीने ठसा उलगडला आणि वाचायला लागली. 'सर्व म्हणजे कोण ते ऐका.' पुढच्या सीटवरचं केळं खाणं थांबलं. 'लावील त्याचा पाय तोडावा'पर्यंत ती आली तेव्हा पुढच्या बाई वळून बघायला लागल्या.

"शी! काय हो हे? लहान पोरीला कसलं वाचायला लावता?"

"राणीचं आहे," मावशी मान वर न करता म्हणाली. "हं, पुढे. पाहील आणि?"